फूड ट्रक घेताय? इंजिन चांगलं आहे का विचारू नका, बिघडतं कसं ते विचारा



फूड ट्रकच्या खर्चाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतोय. सगळ्यात सरळ विचारला तो डॅलसच्या एका दादांनी. त्यांनी लिहिलं, "ताई, एक जुनी स्टेप व्हॅन बघितली आहे. व्ही-टेन पेट्रोल इंजिन आहे. एक मित्र म्हणतो घे, दुसरा म्हणतो हात लावू नकोस, प्लग उडतात. मला फक्त एवढं सांगा, न बिघडणारं इंजिन कुठलं?"

व्हिडिओत ११ मिनिटांत हे बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. न बिघडणारं इंजिन शोधू नका. तुम्ही धंदा करणार आहात, म्हणून प्रश्न असा पाहिजे: हे इंजिन नेमकं कुठे बिघडतं, ते दुरुस्त करायला किती दिवस लागतात, आणि तेवढे दिवस माझा गल्ला बंद राहिला तर मी तग धरेन का?

नव्याने जोडलेल्यांसाठी सांगते. मी पुण्यात बीबीए केलं, लग्नानंतर न्यू जर्सीला आले. इथे आमचं छोटं फराळ-फरसाणाचं दुकान आहे आणि त्याला जोडून एक ट्रक. मी मेकॅनिक नाही. पण ट्रकची बिलं मीच भरते, त्यामुळे इंजिनाबद्दल जे शिकले ते बिलं वाचून वाचून शिकले.

माझ्या बाबांचा नाशिकला मॅटाडोर होता, डिझेल. मी ट्रक घेतला तेव्हा फोनवर त्यांचा पहिला प्रश्न: "पेट्रोल? एवढ्या मोठ्या गाडीला? परवडतं का तुला?" भारतात आपल्या डोक्यात हे पक्कं बसलेलं आहे की माल वाहायची गाडी म्हणजे डिझेल. तिकडे कित्येक वर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, त्यामुळे पेट्रोलचा ट्रक जवळजवळ संपलाच. अमेरिकेत उलटं आहे. इथे पंपावर डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलहून महाग असतं, आणि मोठ्या पेट्रोल इंजिनाची परंपरा कधी तुटलीच नाही. भाड्याने मिळणारे सामान हलवायचे ट्रक, पार्सलच्या चौकोनी स्टेप व्हॅन, रुग्णवाहिका, मोटरहोम यांत सहा-सात लिटरची पेट्रोल इंजिनं सर्रास असतात. (इथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. जाहिरातीत 'गॅस इंजिन' दिसलं तर ते सीएनजी समजू नका.) आणि बहुतेक फूड ट्रक याच जुन्या स्टेप व्हॅनमधून तयार होतात.

मग डिझेल का नको? "डिझेल पाच लाख मैल चालतं," असं सांगणारे भरपूर भेटतील. खरं असेलही. पण माझा ट्रक गेल्या वर्षी ४,१०० मैल चालला. त्या हिशोबाने पाच लाख मैल व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतील! फूड ट्रक रोज पाच-दहा मैल जातो आणि दिवसभर उभा राहतो. २००७ नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो स्वच्छ व्हायला इंजिन चांगलं तापून बराच वेळ चालावं लागतं. पाच मैल जाऊन थांबणाऱ्या गाडीत तो तुंबतो. २०१० च्या आसपासपासून त्यात युरियाच्या द्रवाची यंत्रणा आली. तिचे सेन्सर, तिचा पंप, सगळं महाग. हायवेवर रोज चारशे मैल मारणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावं. मिसळ विकणाऱ्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही एक गंमत लक्षात ठेवा, कारण जाहिराती वाचताना लोक इथेच फसतात. '६.०' हा आकडा दोन इंजिनांचा आहे. जीएमचं ६.० लिटर पेट्रोल इंजिन हे कामाच्या गाड्यांमधल्या सगळ्यात भरवशाच्या इंजिनांपैकी मानलं जातं. आणि फोर्डचं २००३ ते २००७ मधलं ६.० डिझेल हे हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरसाठी इतकं बदनाम आहे की त्याच्यावर पैसे घालून घालून लोक थकले. आकडा एकच. तसंच '७.३' चं. फोर्डचं जुनं ७.३ डिझेल १९९० च्या दशकातलं, नावाजलेलं. फोर्डचं नवं ७.३ हे २०२० पासूनचं पेट्रोल इंजिन. म्हणून विक्रेता नुसता आकडा सांगत असेल तर आधी विचारा, पेट्रोल की डिझेल, आणि साल कुठलं.

आता डॅलसच्या दादांच्या व्ही-टेनकडे येऊ. फोर्डचं ६.८ लिटर, दहा सिलेंडरचं इंजिन, १९९७ च्या सुमाराला आलं आणि स्टेप व्हॅनच्या सांगाड्यांमध्ये २०१९ पर्यंत चाललं. दोन दशकं एखादं इंजिन कामाच्या गाड्यांमध्ये टिकतं, म्हणजे ते टाकाऊ नक्कीच नाही. मग प्लग उडतात हे खोटं का? नाही, ते खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगला धरून ठेवणारे आटे फार थोडे होते, जेमतेम चार. प्लग कोणी नीट आवळला नाही, किंवा बदलताना आटे दुखावले, तर सिलेंडरमधला दाब प्लगला कॉइलसकट बाहेर फेकतो. मोठा आवाज येतो, मग फटफट सुरू होते आणि गाडीची ताकद जाते. माणूस घाबरतो, इंजिन फुटलं असं वाटतं.

पण आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. हा दोष इतका प्रसिद्ध आहे की त्याची औषधंही तितकीच प्रसिद्ध आहेत. भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात धातूचा इन्सर्ट बसवायचा. हेड न उतरवता, गाडीवरच हे काम होतं. त्यासाठीचे टूल-किट बाजारात तयार मिळतात आणि इन्सर्ट बसवलेलं भोक बहुतेकदा मूळच्यापेक्षा मजबूत होतं. नंतरच्या हेडमध्ये कंपनीने आटे वाढवले. म्हणजे जुनी व्ही-टेन बघताना पहिला प्रश्न: प्लग कधी बदलले, कोणी बदलले, आणि कुठल्या सिलेंडरला इन्सर्ट आहे? इन्सर्ट आहे हे ऐकून घाबरू नका. मला तर ते ऐकून बरं वाटेल, कारण म्हणजे कोणीतरी काम केलंय आणि त्याचा कागद असायला हवा.

याच इंजिनाची नंतर तीन व्हॉल्व्हवाली आवृत्ती आली, तिचा त्रास बरोबर उलटा. तिथे प्लग उडत नाहीत, निघतच नाहीत! प्लग दोन तुकडे जोडून केलेला, खालच्या भागाभोवती कार्बन बसतो, आणि काढायला गेलं की वरचा भाग हातात येतो आणि खालचा आत राहतो. तो कसा काढावा याचं बुलेटिन कंपनीनेच गॅरेजांना दिलं होतं. दहा प्लग, त्यातले तीन तुटले तर मजुरी किती वाढेल याचा अंदाज करा. म्हणून अशी गाडी घेणार असाल तर प्लग बदलायचा खर्च किमतीतच धरून बोली लावा.

जीएमच्या ६.० चं मी कौतुक केलं, पण त्याचंही सांगते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, विशेषतः मागच्या टोकाचे. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक-टिक असा आवाज येतो, आणि पाच-दहा मिनिटांत लोखंड तापून फुगलं की गप्प. सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनात नॉक सेन्सर इनटेकच्या खाली खळग्यात बसवलेले आहेत. तिथे पाणी साचतं आणि ते गंजतात. सेन्सर स्वस्त, पण त्याच्यापर्यंत पोचायला अर्धं वरचं इंजिन उघडावं लागतं. १९९० च्या दशकाच्या शेवटच्या व्हॅनमध्ये याच कंपनीचं ५.७ मिळेल. त्यात इनटेक गॅस्केटमधून कूलंट गळतं, म्हणून कूलंट कमी होतंय का हे बघायचं. रॅमच्या ६.४ हेमीला आठ सिलेंडरला सोळा प्लग असतात, आणि लिफ्टरचा रोलर खराब होऊन कॅमशाफ्ट खातो ही तक्रार जुनीच. लोक त्यासाठी तासन्‌तास आयडलवर उभं ठेवण्याकडे बोट दाखवतात. आणि फोर्डचं नवं ७.३ पेट्रोल मुद्दाम साधं केलंय. लोखंडी ब्लॉक, एकच कॅमशाफ्ट, पुशरॉड. माझ्याकडे पैसे असते तर तेच घेतलं असतं. पण ते ज्या किमतीला मिळतं त्या किमतीत नवशिक्याने ट्रक घेऊ नये. हप्ता पहिल्या हिवाळ्यातच गळ्याशी येईल.

या यादीत एक गोष्ट बघा. प्लग, बोल्ट, गॅस्केट, सेन्सर. बहुतेक ठिकाणी इंजिनाचा गाभा मरत नाही, त्याच्या कडेची माणसं आजारी पडतात. आणि जवळपास कुठलाही जुना मेकॅनिक ते ओळखतो. मी मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या बाजूने आहे ती यासाठी.

आता माझीच गोष्ट, कारण हे सगळं शहाणपण मला फुकट नाही मिळालं.

पहिला ट्रक मी जानेवारीत घेतला. कुठल्या कंपनीचा ते सोडा, दोष कंपनीचा नव्हताच. विक्रेता म्हणाला, इंजिन नवीन बसवलंय. बिल मागितलं तर म्हणाला, घर बदलताना हरवलं. मी बीबीए झालेली बाई, बॅलन्स शीट वाचता येते, आणि मी त्या माणसाच्या तोंडी शब्दावर चेक फाडला! टेस्ट ड्राइव्ह झकास झाली. बर्फ पडत होता, काटा जागचा हलला नाही.

जुलैच्या एका शनिवारी मंडळाच्या पिकनिकची ऑर्डर होती, अडीचशे प्लेट मिसळ. रूट वनवर ट्रॅफिक तुंबलेला, बाहेर ३५ डिग्री. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. नवरा म्हणाला, बाजूला घे. मी म्हणाले, दोनच मैल राहिलेत, लोक वाट बघतायत. दीड मैलावर पांढरा धूर निघाला आणि गाडी उभी राहिली.

नंतर मेकॅनिकने दाखवलं. रेडिएटरच्या पंख्याचा क्लच कधीच निकामी झालेला होता. गाडी वेगात असली की समोरून वारा मिळतो, पंखा लागत नाही. हिवाळ्यात तर अजिबात लागत नाही. तो लागतो फक्त उन्हाळ्यात, रांगत्या ट्रॅफिकमध्ये. म्हणजे मी बर्फात घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. तो पार्ट १४० डॉलरचा. मी हट्टाने गाडी हाणली त्यामुळे हेड गॅस्केट गेलं, ते बिल ३,४०० डॉलर.

आणि खरा मार इथून पुढे. जवळच्या दोन गॅरेजांच्या दारातून आमची उंच गाडी आतच जाईना. तिसरं सापडलं, त्याच्याकडे नंबर लागला. गाडी हातात यायला २४ दिवस. तो शनिवार धरून चार वीकेंड गेले. एका वीकेंडला सगळा खर्च जाऊन माझ्या हातात साधारण १,१०० डॉलर उरायचे. म्हणजे ४,४०० तिथे गेले, वर दोन ठिकाणचा अ‍ॅडव्हान्स परत. दुरुस्तीच्या बिलापेक्षा बंद राहिल्याचा तोटा मोठा होता, आणि त्याचं बिल कोणी छापून देत नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, "गाडी उभी राहते गं, हप्ता उभा राहत नाही." त्या मंडळाने पुढच्या वर्षी आम्हाला बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी बोलावलं, ते पण अर्ध्या ऑर्डरवर.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत, आणि ते मी शिकवते पण. गाडी घ्यायच्या आधी तिला आत घेईल असं गॅरेज शोधायचं. त्याला विचारायचं की हे इंजिन तू किती वेळा उघडलंस. तो म्हणाला "कधीच नाही", तर मग कितीही चांगलं इंजिन असो, माझ्यासाठी ते वाईट. दुसरं, प्रत्येक ऑर्डरमागे ४० डॉलर वेगळ्या खात्यात. ते नफ्यात मोजायचे नाहीत. सुरुवातीला फार जड जातं. माझ्या बॅचमधली एक ताई म्हणाली, "नफाच नाही तर बाजूला काय टाकू?" मी म्हटलं, मग तुमचा प्लेटचा दर चुकलाय, तो आधी बघू.

गाडी बघायला जाल तेव्हा मैलांच्या आकड्यावर भाळू नका. पार्सलची व्हॅन दिवसभर घरोघर थांबत जाते, इंजिन चालूच. एक तास आयडल म्हणजे साधारण पंचवीस मैल चालल्यासारखं धरा, असा ठोकताळा वापरतात. तासांचं मीटर असेल तर ते वाचा. उलट, फार कमी चाललेली गाडी पण संशयाने बघा. थोडं चालून थंड होणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये ओल धरते, सायलेन्सर आतून गंजतो. आणि आमच्या न्यू जर्सीसारख्या रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर खाली वाकून ब्रेकचे पाइप आणि एक्झॉस्टचे बोल्ट बघितल्याशिवाय बोली लावू नका. बोल्टचं डोकं गंजून गोल झालेलं असेल तर तासाभराचं काम दिवसभराचं होतं.

स्कॅनर नेलात तर नुसते एरर कोड बघू नका. कोड पुसून गाडी दाखवणारे असतात. मॉनिटर 'रेडी' नसतील, तर नुकतीच बॅटरी काढलीये किंवा कोड पुसलेत असं समजा आणि कारण विचारा. जड सांगाड्याच्या जुन्या गाड्यांत ही सोय वेगळी असू शकते, म्हणून मेकॅनिकला शंभर-दीडशे डॉलर देऊन सोबत न्या. कंजूसपणा करायची जागा ही नाही.

नाशिक, सोलापूर, कोल्हापूरहून वाचणाऱ्यांना वाटेल, ताई, आम्हाला या व्ही-टेनचं काय करायचं? तुमच्याकडे मोठं पेट्रोल इंजिन नसेल, पण सीएनजीचा टेम्पो आहेच ना. तेही स्पार्क प्लगचंच इंजिन. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे प्लग झिजला की ताण कॉइलवर येतो आणि दोन्ही जातात. बरेच जण पेट्रोलची टाकी कायम कोरडी ठेवतात, मग पेट्रोलचा पंप जळतो. सिलेंडरची दर तीन वर्षांची टेस्ट संपत आली असेल तर तो खर्च पण किमतीतून वजा करा. गाडी वेगळी, विचारायचे प्रश्न तेच.

डॅलसच्या दादांना मी काय सांगितलं? व्ही-टेन घ्या, प्लगच्या कामाचा कागद दाखवला तर. नाही दाखवला तर दहाही प्लग बदलायचे पैसे किमतीतून कापायला सांगा, मग घ्या. त्यांची भेट शनिवारी सकाळी नऊला ठरलीये. मी म्हटलं, आठलाच जा. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं, तर विक्रेत्याने तुमच्या आधी येऊन इंजिन तापवून ठेवलंय. मग चहा-कॉफी प्या, गप्पा मारा, दोन-तीन तास जाऊ द्या, आणि थंड झाल्यावर तुमच्या समोर चालू करायला लावा.